चोर सोडून संन्याशाला सुळी : यार्डात उभी व्हॅन आणि आमचा पगार



आमच्या जंक्शनवर (नाव लिहीत नाही, कारण हे प्रत्येक जंक्शनवर घडते) एक पार्सल व्हॅन गाडीपासून तोडून शेवटच्या लाईनवर उभी केली गेली. पुढच्या गाडीला जोडायची होती. शंटिंगला इंजिन नाही, पॉइंट्समन दोनच, त्यातला एक आजारी, म्हणून ती व्हॅन तिथेच दोन रात्री उभी राहिली. त्या लाईनवरचा दिवा बंद. पलीकडे बाभळीचे रान, त्याच्या पलीकडे वस्ती, आणि मधली भिंत दोन ठिकाणी पडलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो दाराचे सील जसेच्या तसे, कार्ड जसेच्या तसे, आणि पलीकडच्या बाजूच्या दाराची कडी बिजागरीसकट उखडलेली. कापडाचे गठ्ठे आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या पेट्या गेल्या.

चोर सापडला नाही. माल घेणारा भंगारवाला सापडला नाही. पण पंधरा दिवसांत एक माणूस मात्र सापडला. तो आमचा पार्सल बाबू, निवृत्तीला सात महिने राहिलेला. त्याच्या हातात एस.एफ. ११ ठेवले गेले : आपल्या ताब्यातील व्हॅनच्या सुरक्षिततेकडे आपण दुर्लक्ष केले, तरी नुकसानीची रक्कम आपल्या पगारातून का वसूल करू नये?

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर त्याने एकट्याने का द्यायचे, ते तुम्हीआम्ही द्यायचे आहे, म्हणून हा लेख.

माझ्या धाकट्या भावाने मागे मालवाहू टेम्पो घेतला. भाऊ सातवी पास. पण टेम्पो रात्री कुठे लावायचा हे त्याला कुणी सर्क्युलर काढून शिकवले नाही. तो टेम्पोचे मागचे दार भिंतीला चिकटवून लावतो, म्हणजे कुलूप तोडले तरी दार उघडतच नाही. म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली लावतो. स्टिअरिंगला साखळी घालतो. रात्री गाडीत माल ठेवत नाही, आणि ठेवावाच लागला तर स्वतः आत झोपतो. पंधरा दिवस त्या दिव्याचा बल्ब गेला होता, तर वॉर्ड ऑफिसात तीन फेऱ्या मारून आला, कारण कर्ज त्याच्या नावावर आहे. एवढी साधी अक्कल ज्या देशात सातवी पास टेम्पोवाल्याला आहे, त्या देशातल्या रेल्वे प्रशासनाला ती नाही असे मी म्हणणार नाही. अक्कल आहे, पण कर्ज त्यांच्या नावावर नाही. नुकसान झाले की ते पार्सल बाबूच्या नावावर टाकता येते, मग बल्बसाठी फेऱ्या कोण मारणार?

आता सीलची गोष्ट. साहेब लोक सील म्हटले की जणू तिजोरीच म्हणतात. सील म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. तार, शिशाची गोळी, चिमट्याचा ठसा, आणि सोबत कार्ड. शाळकरी पोरगा दाताने तोडील. ते कुलूप नाही, ती साक्ष आहे. मधल्या स्टेशनवर कुणी दार उघडले का, एवढेच ते सांगते, आणि तेही चोर दारानेच गेला असेल तर. चोराला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून तो सीलला हात लावत नाही. तो उलट बाजूची कडी उखडतो, बिजागरीची पिन ठोकून काढतो, पत्रा कापतो, एस.एल.आर.ची खिडकी वाकवतो. जुन्या डब्याची जमीन कुजलेली असेल तर खालून फळी काढतो. डब्यांच्या दारांची चौकोनी कॅरेज की तर कुणाकडेही मिळते, रेल्वेचा नोकर असायची गरज नाही.

आणि वरून? ऑगस्ट २०१६ मध्ये सेलमहून चेन्नई एग्मोरला जाणाऱ्या एक्स्प्रेसच्या पार्सल व्हॅनमध्ये रिझर्व्ह बँकेकडे जाणाऱ्या ३४२ कोटी रुपयांच्या जुन्या नोटा होत्या. दार बंद, सील शाबूत, त्याच गाडीत बंदुकधारी पोलीस. एग्मोरला दार उघडले तेव्हा छताला माणूस उतरेल एवढे भोक, आणि ५ कोटी ७८ लाख गायब. पुढे दोन वर्षांनी मध्य प्रदेशातली एक टोळी पकडली गेली. तपासात आले की ज्या भागात त्या वेळी विजेची तार नव्हती, गाडी डिझेलवर धावत होती, तिथे ते छतावर चढून बसले. तीनशे बेचाळीस कोटी आणि पोलीस पहारा असलेल्या धावत्या व्हॅनचे हे झाले. मग अंधाऱ्या सायडिंगवर दोन रात्री बेवारशी उभ्या असलेल्या व्हॅनला एका बाबूने कागदावर सही करून वाचवायचे, हा कुठला न्याय?

पोस्टातल्या बंधूंसाठी आणखी एक जुनी गोष्ट. ८ ऑगस्ट १९६३ रोजी इंग्लंडमध्ये ग्लासगोहून लंडनला जाणारी टपाल गाडी खोटा सिग्नल दाखवून थांबवली आणि सव्वीस लाख पौंड लुटले. ते चोर पुढे सिनेमातले हिरो झाले. पण त्या रात्री डोक्यावर मार खाल्लेला ड्रायव्हर जॅक मिल्स पुन्हा पूर्वीसारखे काम करू शकला नाही आणि १९७० साली गेला, हे कुणाला आठवत नाही. आणि हेही आठवत नाही की मौल्यवान पिशव्यांसाठी जास्त मजबूत बांधलेले डबे त्या वेळी दुरुस्तीत होते आणि जुना डबा जोडलेला होता. साहेबांचा देश असो की आपला, चांगला डबा वर्कशॉपमध्ये आणि मोडका डबा लाईनवर.

२०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली की मालगाड्यांना मोबाईलवर नंबर आल्याशिवाय न उघडणारी डिजिटल कुलपे बसणार. बसवा, आमचा विरोध नाही. पण सायडिंगवरचा दिवा ज्यांच्याने लागत नाही, त्यांनी कुलपात कॉम्प्युटर बसवायच्या गप्पा मारल्या की मला आमच्या गावच्या त्या पाटलाची आठवण येते, ज्याने वाड्याला पितळी दरवाजा केला आणि मागची भिंत कुडाची ठेवली.

चोरी व्हॅनमध्ये होत नाही, चोरी थांबलेल्या वेळेत होते. यार्डात पस्तीस वर्षे काढल्यावर मला कळलेली गोष्ट एवढीच. जी व्हॅन दोन तासांत पुढे लागली तिला सहसा कुणी हात लावत नाही. चोराला पाळत ठेवायला वेळ लागतो, पार्सलच्या खोक्यांवरचे लेबल वाचायला वेळ लागतो, माल उचलायला हातगाडी आणायला वेळ लागतो. तो वेळ आपण देतो. आपण म्हणजे प्रशासन : जागा भरायच्या नाहीत, पॉइंट्समनच्या जागा सरेंडर करायच्या, शंटिंग इंजिन दुसरीकडे पळवायचे, आणि मग व्हॅन शेवटच्या लाईनवर ढकलून द्यायची, कारण पुढच्या लाईनी गाड्यांना हव्यात.

आणि लाईन निवडण्यातही डोके लागते. शेजारच्या लाईनवर रिकामे डबे लावून ठेवले की चोराला आयता आडोसा मिळतो, स्टेशनवरून काही दिसत नाही. त्याऐवजी व्हॅनचे एक दार पार्सल ऑफिसच्या प्लॅटफॉर्मकडे आणि दुसरे भिंतीकडे येईल अशी उभी करा. दोन व्हॅन असतील तर शेजारच्या लाईनींवर दाराला दार लावून उभ्या करा, मधल्या अरुंद बोळात पेटी घेऊन उतरणे सोपे नाही. ज्या लाईनवर वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे तिथे छतावर चढायची हिंमत कुणी करत नाही. बऱ्याच जुन्या सायडिंगवर तार नसते. उजेडात ठेवा, बाभळी तोडा, भिंत बांधा. जुने यार्ड मास्तर हे सगळे न सांगता करीत. आता यार्ड मास्तर एका हातात वॉकी-टॉकी आणि एका कानाला कंट्रोलचा फोन लावून बसलेला असतो, त्याला व्हॅनचे दार कुठल्या बाजूला आहे हे बघायला उसंत कुठे?

मग रखवाली कुणाची? कायदा स्पष्ट आहे. रेल्वेच्या मालमत्तेच्या संरक्षणासाठी १९५७ साली संसदेने कायदा करून आर.पी.एफ. उभारली. १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा सांगतो की रेल्वेच्या ताब्यातला व्यापाऱ्याचा मालसुद्धा रेल्वेचीच मालमत्ता. चोरीचा संशय घ्यावा असा तो माल कुणाकडे सापडला, तर तो आपल्याकडे सरळ मार्गाने आला हे त्याने सिद्ध करायचे, नाहीतर पाच वर्षांपर्यंत सजा. इतका कडक कायदा हातात असताना जंक्शनच्या पाठीमागची भंगाराची दुकाने कशी चालतात, हे एखाद्या सर्क्युलरमध्ये आले तर वाचायला आवडेल. १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो की सोपवलेल्या मालाला रेल्वे प्रशासन जबाबदार. देवाची करणी, युद्ध, सरकारी हुकूम असे अपवाद दिले आहेत, पण त्या यादीत साधी चोरी नाही. म्हणजे व्यापाऱ्याला भरपाई प्रशासनाने द्यायची हे बरोबरच. चूक तिथून पुढे आहे, जिथे ती भरपाई बाबूच्या खिशातून काढायची टूम निघते.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहितो, कारण आपल्या सभांत आर.पी.एफ.च्या शिपायाला शिव्या दिल्या की टाळ्या पडतात. त्या शिपायाला आपल्याविरुद्ध उभे करू नका. १९८५ साली त्याला केंद्राचे सशस्त्र दल केले आणि संघटनेचा हक्क काढून घेतला. २००३ च्या दुरुस्तीने गाड्यांतल्या गुन्ह्यांचे आणखी काम त्याच्या माथी मारले. तो रात्रभर गाडीत एस्कॉर्ट करतो, दिवसा व्ही.आय.पी.च्या बंदोबस्तात उभा राहतो, आणि यार्डाची बीट कागदावर राहते. त्याला तोंड नाही. आपल्याला आहे, म्हणून त्याच्या जागा भरा ही मागणीसुद्धा आपणच करायची.

आता वसुलीचा प्रश्न. १९६८ च्या शिस्त आणि अपील नियमांत वसुली ही किरकोळ शिक्षा म्हणून धरली आहे. किरकोळ! निवृत्तीला आलेल्या माणसाला विचारा. पण त्या नियमाचे शब्द नीट वाचा : निष्काळजीपणाने किंवा हुकूम मोडल्याने त्याने सरकारचे जे नुकसान केले ते. त्याने केले, हे महत्त्वाचे. नुकसान झाले आणि तो तिथे नोकरीला होता, एवढे पुरत नाही. पोस्टातल्या बंधूंसाठी १९६५ च्या सी.सी.ए. नियमांत हीच भाषा आहे, आणि तुमच्या खात्याच्या मॅन्युअलच्या तिसऱ्या खंडात तर उघड लिहिले आहे की अमुक माणसाची अमुक चूक, आणि त्याच चुकीमुळे हे नुकसान, असा धागा सिद्ध झाल्याशिवाय वसुली करता येत नाही. तरी चोर सापडत नाही म्हटल्यावर तुमच्याकडे ‘सहायक निष्काळजीपणा’ नावाचे जाळे टाकतात आणि सॉर्टरपासून मेल गार्डपर्यंत जो सापडेल त्याच्यावर हप्ते बांधतात. ट्रायब्युनलने असे हुकूम अनेकदा रद्द केले आहेत. पण ट्रायब्युनलपर्यंत जातो कोण? घाबरून ‘माफी असावी’ लिहून देणारे जास्त. माफी लिहून दिलीत की चूक कबूल केलीत. मग ट्रायब्युनल तरी काय करणार?

मेल मोटरच्या ड्रायव्हरची स्थिती तर पार्सल बाबूपेक्षा वाईट. रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मबाहेर व्हॅन लावायची, पिशव्या घेऊन आत जायचे, सोबत माणूस दिलेला नाही, आणि व्हॅन एकटी रस्त्यावर. कुलूप लावले तर आरोप की गाडी चुकली, नाही लावले तर आरोप की पिशवी गेली. माझे त्यांना सांगणे एकच : गाडी चुकली तर चुकू द्या, पण कुलूप लावल्याशिवाय आणि किल्ली खिशात घातल्याशिवाय दहा पावलेही जाऊ नका. सोबत माणूस नाही हे रोज, होय रोज, ट्रिप शीटवर लिहा.

लिहिण्यावरून आठवले. आपलेही हात स्वच्छ नाहीत, आणि हे आपल्याच मासिकात लिहिले नाही तर कुठे लिहायचे?

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी नंबर टेकर होतो. श्रावणातली रात्र, झोडपून पाऊस. एका गाडीच्या मालडब्यांची सीले बघून वहीत लिहायची होती. मी आठ डब्यांपर्यंत गेलो. पुढे गुडघाभर पाणी. परत येऊन शेगडीजवळ बसलो आणि उरलेल्या सगळ्या डब्यांपुढे ‘सील ठीक’ लिहून टाकले. पुढच्या स्टेशनवर त्यातल्या एका डब्याचे सील तुटलेले निघाले, आत माल कमी. माझी वही म्हणत होती आमच्याकडे ठीक होते, म्हणजे चोरी पुढच्या स्टेशनच्या हद्दीत झाली. तिथल्या माणसाची दोन वर्षांची वेतनवाढ रोखली गेली. मी त्याला ओळखत नव्हतो, आजही नाव माहीत नाही. मी गप्प बसलो. नवीन नोकरी, घरी म्हातारी आई, ही सगळी कारणे त्या वेळी मला पुरली. आज सेक्रेटरी म्हणून मी दुसऱ्यांच्या एस.एफ. ११ ची उत्तरे लिहितो तेव्हा त्या वहीचे पान अजून डोळ्यांसमोर येते.

म्हणून जे लोक खुर्चीवर बसून ‘सील ठीक’ लिहितात, त्यांना मी युनियनचा माणूस म्हणून सांगतो : तुमची ही सही साहेबाला फसवत नाही, पुढच्या स्टेशनवरच्या तुमच्याच भावाचा गळा कापते. जिथे जाता आले नाही तिथे ‘पाणी, अंधार, सील पाहता आले नाही’ असे लिहा. त्याबद्दल मेमो आला तर शाखेत घेऊन या, तो मेमो लढवायला सोपा आहे. आणि कुठल्या व्हॅनमध्ये काय आहे हे चहाच्या टपरीवर सांगणारे जे कोणी थोडे आपल्यात आहेत, त्यांनी झेंडा पुढे करून आमच्याकडे येऊ नये. गेल्या काही वर्षांत अशा एकाची केस आमच्या शाखेने घेतली नाही. त्याने वर्गणी बंद केली. करू दे.

लढायचे तर कागदाने लढावे लागते. व्हॅन लाईनवर कधी लागली, कधी निघाली, दिवा कधीपासून बंद, त्याचा मेमो इलेक्ट्रिककडे कधी दिला, दिवा लावला की नाही, त्या रात्री आर.पी.एफ.ची बीट कुणाची होती, व्हॅन त्यांना लेखी सोपवली होती का. हे ज्याच्या वहीत तारीखवार आहे त्याच्यावर वसुली बसवणे कठीण. चार्जशीट आली की दहा दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्यात हेच कागद मागा आणि तोंडी चौकशी मागा. पोस्टातल्या बंधूंनी लक्षात ठेवावे, किरकोळ शिक्षेच्या प्रकरणातही चौकशी मागितली आणि नाकारली तर कारण लेखी द्यावे लागते, असा सरकारचा १९८५ चा आदेश आहे. हुकूम निघाला तर अपिलाला पंचेचाळीस दिवस असतात, दोन्ही खात्यांत. शेहेचाळिसाव्या दिवशी माझ्याकडे येऊन रडणारे फार झाले.

आमच्या पार्सल बाबूचे सांगतो. त्याने उत्तर लिहिले, पण त्याच्याकडे दिव्याचा मेमो नव्हता. तोंडी सांगितले होते, फोनवर, तीनदा. फोनला साक्ष नसते. वसुलीचा हुकूम निघाला, हप्ते सुरू झाले. मुलीचे लग्न पुढे ढकलले. अपील केले आहे. शंटिंग रजिस्टरचा उतारा आम्ही मिळवला आहे, त्यात व्हॅन छत्तीस तास उभी होती हे प्रशासनाच्याच शाईत आहे. इंजिन मागितल्याच्या नोंदी आहेत, त्याखाली त्याचीच सही आहे. ज्याने इंजिन मागितले तो निष्काळजी आणि ज्याने दिले नाही तो साहेब, हे अपिलात लिहिले आहे, फक्त जरा सभ्य भाषेत.

पुढच्या पी.एन.एम. बैठकीसाठी आमच्या शाखेने विषय दिले आहेत : शेवटच्या लाईनवरचे दिवे, पडलेली भिंत, भरलेली व्हॅन चार तासांहून जास्त उभी राहिली तर ती आर.पी.एफ.च्या लेखी ताब्यात द्यावी, आणि हे झाल्याशिवाय कुणाच्याही पगारातून वसुली नको. इटारसी, खांडवा, सिकंदराबाद, झाशी, जिथे जिथे आपली मराठी माणसे यार्डात आणि आर.एम.एस.मध्ये आहेत, त्यांनी आपापल्या शाखेतून हेच विषय द्यावेत. आपल्याकडे कुठल्या लाईनवर व्हॅन किती तास उभी असते, एका महिन्याचा तक्ता करून मासिकाच्या पत्त्यावर पाठवावा. साध्या वहीच्या पानावर चालेल. तारीख आणि वेळ मात्र हवी.

काल रात्री ड्यूटीवरून येताना मी मुद्दाम त्या लाईनकडे गेलो. दुसरी एक व्हॅन उभी होती, भरलेली. दिवा बंदच. पार्सल ऑफिसात आता एक नवीन पोरगा आला आहे, सहा महिन्यांची नोकरी. त्याला मी मेमो कसा लिहायचा ते दाखवले, कार्बन घालून दोन प्रती. एक त्याने इलेक्ट्रिककडे दिली आणि दुसरीवर पोचल्याची सही घेऊन आला.

आपला,
शाखा सचिव